कोल्हापुरातल्या लहान वाचनालयाने मार्च ते मे या काळात सगळ्या वयोगटांसाठी कोणते कार्यक्रम घ्यावेत?

तुम्ही दिलेली माहिती अशी: पेठेतलं सार्वजनिक वाचनालय, एक ग्रंथपाल, एक शिपाई, पन्नास खुर्च्यांचं सभागृह, वरच्या मजल्यावर अभ्यासिका आणि हाताशी पंधरा हजार रुपये. एवढ्यात फाल्गुन ते वैशाख चांगलं जमतं. फक्त एक कसोटी आधी कार्यकारिणीत ठरवून घ्या: कार्यक्रमाच्या दिवशी किती पुस्तकं घरी गेली? सभागृह भरलं, फोटो छापून आला, पण देवघेवीचा काउंटर बंद होता, कारण ग्रंथपाल खुर्च्या लावत होते. बहुतेक ठिकाणी नेमकं हेच होतं. म्हणून कार्यक्रमाच्या अर्धा तास आधी आणि अर्धा तास नंतर काउंटर चालूच हवा आणि खुर्च्यांना दुसरी माणसं हवीत. विषयाला धरून तीसेक पुस्तकं दाराजवळच्या टेबलावर आडवी मांडा, मुखपृष्ठ वर करून. कपाटात कणा दाखवून उभी असलेली पुस्तकं नवखा माणूस काढत नाही.

आता तारखा. वेळापत्रक चुकलं तर बाकी सगळं फुकट जातं.

मार्चमध्ये मुलांचं काहीही ठेवू नका. दहावी-बारावीच्या परीक्षा चालू असतात आणि घरात एकाची दहावी असली की धाकट्यालाही कोणी बाहेर सोडत नाही. खालच्या वर्गांची वार्षिक परीक्षा हल्ली एप्रिलमध्ये लांबते, तेव्हा जवळच्या दोन शाळांमधून वेळापत्रक मागून घ्या. मार्चचा शेवटचा आठवडा ग्रंथपालांना हिशेबासाठी मोकळा ठेवा. ३१ मार्चच्या तोंडावर अनुदानाची बिलं आणि कार्यक्रम एकत्र आले की दोन्ही बिघडतात. चैत्र पौर्णिमेच्या आगेमागे जोतिबाची यात्रा असते, ते तीन-चार दिवस सोडून द्या. आणि पेठेत असाल तर फुटबॉलचं वेळापत्रक बघितल्याशिवाय तारीख छापू नका. शाहू स्टेडियमवर आपल्या तालमीचा, म्हणजे पेठेतल्या फुटबॉल संघाचा, सामना असेल त्या संध्याकाळी तुमच्याकडे फक्त ज्येष्ठ नागरिक येतील, तेही सगळे नाहीत.

हवामानाचंही बघा. एप्रिल-मेमध्ये चार-पाचच्या सुमाराला ढग भरून येतात, वळीव पडतो आणि वीज जाते. गच्चीवरचा किंवा अंगणातला कार्यक्रम संध्याकाळी ठेवायचा तर सभागृह राखीव हवंच. बॅटरीवर चालणारा स्पीकर आणि दोन चार्जिंगचे दिवे आधी चार्ज करून ठेवा. दुपारी बारा ते चार काही ठेवूच नये. लहान मुलांसाठी सकाळी साडेनऊ, मोठ्यांसाठी संध्याकाळी साडेपाच ही वेळ धरा.

अभ्यासिकेतली मुलं हा वेगळाच विषय आहे. एमपीएससी आणि पोलीस भरतीची तयारी करणारी ही मुलं रोज दहा-बारा तास तिथे बसतात. खाली माइक लागला की वर चिडचिड होते, आणि ती रास्त असते. आठवड्यात एकच संध्याकाळ कार्यक्रमाची ठेवा, वार कायम ठेवा आणि महिनाभर आधी जिन्यात फलक लावा. त्यांच्यासाठी वेगळा कार्यक्रम करायचाच असेल तर व्याख्यान नको, त्यांना व्याख्यानं पुष्कळ मिळतात. महिन्यातून एकदा, घड्याळ लावून, मराठीच्या वर्णनात्मक पेपरचा सराव घ्या आणि एखाद्या निवृत्त शिक्षकांकडून तपासून द्या. खर्च कागदाचा.

मार्च असा मोठ्यांचा झाला. ज्येष्ठांसाठी सगळ्यात कमी खर्चात चालतं ते अभिवाचन. चाळीस मिनिटांच्या वर नेऊ नका. मोठ्याने, नीट थांबत वाचलं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे चार-साडेचार हजार शब्दांचा मजकूर पुरतो. तो सोळा पॉइंटात, पानाच्या एकाच बाजूला छापा आणि स्टेपल करू नका; सुटी पानं सरकवली की माइकमध्ये आवाज येत नाही. वाचणारे दोघं किंवा तिघं, आणि एक तालीम तरी हवी. तालमीशिवाय उभा राहिलेला वाचक पहिल्याच जोडाक्षरावर अडतो आणि मग घाई करतो. सतरंजी नको, खुर्च्याच हव्यात, आणि पहिली रांग कमी ऐकू येणाऱ्यांसाठी राखून ठेवा. प्रकाशित पुस्तकातला बेताचा उतारा लोकांसमोर वाचायला कायद्याची आडकाठी नाही. मात्र त्याचं चित्रीकरण करून यूट्यूबवर टाकायचं असेल तर लेखकाला किंवा वारसांना विचारा, नाहीतर ज्यांना जाऊन साठ वर्षं उलटली अशाच लेखकांचं साहित्य निवडा. सिनेमा दाखवायचा विचार असेल तर तिकीट नसलं तरी हक्कधारकाची परवानगी लागते. बरेच जण तिकडे काणाडोळा करतात. तुम्ही करू नका.

चैत्रात चैत्रगौरीचं निमित्त आयतं आहे. आंब्याची डाळ, पन्हं आणि वाण म्हणून पुस्तक: प्रत्येकीने वाचून झालेलं एक आणायचं, दुसरं न्यायचं. पुस्तकाच्या आत एक चिठ्ठी, "हे मला का आवडलं" एवढ्याच दोन ओळींची. निमंत्रणात मात्र 'हळदीकुंकू' लिहू नका. ते लिहिलं की विधवा स्त्रिया येत नाहीत, न बोलताच बाजूला राहतात. आपल्याच जिल्ह्यातल्या शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडने २०२२ साली विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव ग्रामसभेत केला. शहरातल्या वाचनालयाने त्याच्या मागे राहू नये. "चैत्रातली पुस्तकभेट, सगळ्याजणींसाठी" असं स्पष्ट छापा. पन्ह्याला एक किलो कैरी आणि सव्वा किलो गूळ घेतला तर तीस-पस्तीस लहान पेले होतात. ते व्हरांड्यातच द्या. गुळाचं पाणी पुस्तकांच्या खोलीत सांडलं की मुंग्या येतात आणि मुंग्यांच्या मागे बाकीची मंडळी.

२३ एप्रिलच्या जागतिक पुस्तक दिनाला ग्रंथदिंडी काढायचा मोह होतो. उन्हात दिंडी काढण्यापेक्षा त्या दिवशी दंडमाफी जाहीर करा. दाराबाहेर एक खोकं ठेवा, नाव विचारू नका, फक्त पुस्तक परत घ्या. वर्षानुवर्षं अडकलेली पुस्तकं अशीच येतात, आणि लाजेने येणं बंद केलेले सभासदही.

बालविभागाचं काम एप्रिलच्या अखेरीस सुरू होतं. गोष्टीचा तास हा शब्दशः तास नसावा. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना पंचवीस मिनिटं पुरे: दोन गोष्टी, मध्ये एक हातवाऱ्यांचं गाणं, शेवटी पुन्हा पहिलीच गोष्ट. पुन्हा तीच का, असं मोठ्यांना वाटतं; मुलांना ती दुसऱ्यांदा जास्त आवडते, कारण पुढचं वाक्य त्यांना माहीत असतं. पंधरापेक्षा जास्त मुलं घेऊ नका, अर्धवर्तुळात बसवा आणि पुस्तक छातीसमोर न धरता खांद्याशेजारी धरा, म्हणजे चित्रही दिसतं आणि तोंडही. खिडकी सांगणाऱ्याच्या पाठीमागे नको. बिघडतं ते दोन कारणांनी. एक, तीन वर्षांचं आणि नऊ वर्षांचं मूल एकत्र बसवल्यामुळे. दुसरं, गोष्ट संपल्यावर "यातून काय शिकलो?" विचारल्यामुळे. तात्पर्य विचारू नका, पुस्तक हातात द्या.

आठ वर्षांखालच्या मुलांच्या स्पर्धा घेऊ नयेत हे माझं ठाम मत आहे. एक बक्षीस घेऊन जातो, एकोणीस जण रडत जातात आणि प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलतात.

दहा ते पंधरा वयाची मुलं आणायला सगळ्यात अवघड. त्यांना फुटबॉलवरूनच आणा. दुपारी सामना बघायचा, संध्याकाळी वाचनालयात बसून दीडशे शब्दांत बातमी लिहायची, दुसऱ्या दिवशी 'पुढारी' आणि 'सकाळ'मधल्या बातमीशेजारी ती ठेवून बघायची. पहिल्या वाक्यात निकाल आहे का, गोल कोणी आणि कितव्या मिनिटाला केला, कोणती गोष्ट आपल्याला दिसली आणि वार्ताहराला दिसली नाही. शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईने काढू नका. तशा काढल्या की पुढच्या वेळी निम्मीच मुलं येतील.

याच वयाची मुलं आणि आजी-आजोबा एकत्र आणणारा कार्यक्रम म्हणजे पेठेचा नकाशा. तीन फूट बाय चार फुटांच्या कागदावर आजचे रस्ते आखा आणि ज्येष्ठांना विचारून जुन्या जागा लाल शाईने भरा. कोल्हापूर हे तळ्यांचं गाव होतं. कपिलतीर्थाच्या जागी मंडई आली, वरुणतीर्थाच्या जागी गांधी मैदान. मुलांनी विचारायचे प्रश्न आधी लिहून द्या, पाचच, आणि "तुमच्या वेळी कसं होतं?" असला सैल प्रश्न त्यात नको. "पाणी कुठून आणायचात?" असा हवा. ऐकलेलं पडताळून बघायला १८८६ चं कोल्हापूरचं गॅझेटियर आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला चोविसावा खंड. इंग्रजीत आहे, पण संगणकावर मिळतो, आणि मुलांना दोन पानं शोधून काढण्यातच मजा येते.

६ मे हा शाहू महाराजांचा स्मृतिदिन. भाषण ठेवण्याऐवजी त्यांचे हुकूम आणि जाहीरनामे मोठ्याने वाचा: १९०२ चा मागासवर्गीयांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा, सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा. मजकूर छोटा असतो, त्यामुळे नववीतलं मूल आणि निवृत्त तलाठी एकामागोमाग वाचू शकतात.

आता मे महिन्यातलं सगळ्यात उपयोगी काम: पुस्तक दुरुस्तीचं शिबिर. पावसाळ्याआधी हे झालंच पाहिजे, आणि त्याला चौदापासून सत्तरीपर्यंत सगळे चालतात. बारा माणसं, सहा टेबलं, दोन तास; एवढ्यात पंचवीसेक पुस्तकं होतात, जास्तीची आशा धरू नका.

आदल्या दिवशी पुस्तकांचे तीन ढीग करा: पानं सुटलेली, पुठ्ठा सुटलेला, बुरशी किंवा वाळवी लागलेली. तिसरा ढीग शिबिरात आणायचाच नाही. तो बाहेर सावलीत वाळवून, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने झटकायचा आणि वेगळा ठेवायचा. जुनी हस्तलिखितं आणि दुर्मिळ पुस्तकं हौशी हातांत देऊ नका.

खळ, म्हणजे चिकटवायची मैद्याची लापशी, घरीच करा. एक वाटी मैदा आधी गार पाण्यात गुठळी न ठेवता कालवायचा, एकूण पाणी पाच वाट्या. मंद आचेवर आठ-दहा मिनिटं सतत ढवळायचं. पांढरेपणा जाऊन चकाकी आली की झालं. गार झाल्यावर फडक्यातून गाळून घ्या. मे महिन्यात ती दुसऱ्या दिवशी आंबते, म्हणून लागेल तेवढीच करा. जुने बाइंडर किडीसाठी मोरचूद घालतात; तो विषारी आहे, मुलं असतील तिथे नको. खळ पातळ झाली तर कागदाला सुरकुत्या पडतात, घट्ट झाली तर गोळे राहून पान फुगतं.

सुटलेल्या पानाला आतल्या कडेला फक्त तीन मिलिमीटर पट्टीत खळ लावायची. वर-खाली दुसरा कागद धरा, म्हणजे पट्टी सरळ येते. पान बसवलं की दोन्ही बाजूंना बटर पेपर घालून रात्रभर वजनाखाली. कागदात गुंडाळलेली वीट उत्तम. फाटलेल्या पानाला पातळ टिश्यूची पट्टी लावा, पण ती कात्रीने कापू नका, हाताने फाडा. कडेचे तंतू मोकळे राहिले की जोड उठून दिसत नाही. सेलोटेप वाचनालयात शिरूच देऊ नका. तिचा चिकटा पिवळा होऊन कागदात मुरतो आणि पुढे काढायला गेलं की अक्षरं घेऊन येते. फेव्हिकॉल कण्यावर जाड लावला तर वाळून कडक होतो, पुस्तक उघडताना तिथेच तडकतं, आणि नंतर सुटतही नाही. कण्याला मांजरपाटाची पट्टी, दोन्ही बाजूंना दीड-दीड इंच पुठ्ठ्यावर येईल अशी. नवा पुठ्ठा घालताना त्याच्या तंतूंची दिशा कण्याला समांतर हवी. आडवी गेली तर पावसाळ्यात पुठ्ठा वाकतो. दिशा कळत नसेल तर दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून बघा, ज्या घडीवर सहज वाकतो त्या घडीच्या रेषेला समांतर त्याचे तंतू.

वाचनालय पूररेषेत असेल तर त्याच दिवशी दुसरं काम उरकून घ्या. २०१९ आणि २०२१ मध्ये पंचगंगा किती चढली ते सगळ्यांना माहीत आहे. नुसता खालचा कप्पा रिकामा करून भागत नाही. दाखल नोंदवही (वाचनालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) आणि जी पुस्तकं पुन्हा मिळणार नाहीत त्यांच्या कण्यावर लाल पट्टी लावा, आणि पाणी वाढायला लागलं की आधी कोणी काय उचलून वर न्यायचं ते नावांसकट लिहून भिंतीवर चिकटवा.

सुट्टीचं सभासदत्व १ मेपासून शाळा उघडेपर्यंत ठेवा: पन्नास रुपये, शंभर रुपये अनामत, एका वेळी एक पुस्तक. आजोळी जाणाऱ्या मुलांना मात्र एकदम तीन द्या आणि परतीची तारीख शाळा उघडल्यानंतरची घाला. सात दिवसांचा नियम त्यांना लावला तर दंड चढतो, आई-वडील कटकट नको म्हणून कार्डच बंद करतात.

पंधरा हजारांत साधारण अशी वाटणी बसते: दुरुस्तीचं साहित्य तीन हजार, बालविभागासाठी नवी चित्रमय पुस्तकं सहा हजार, छपाई आणि झेरॉक्स दोन हजार, पन्हं, चहा आणि सतरंज्या धुण्याला दोन हजार. उरलेले दोन हजार स्पीकरसारख्या आयत्या वेळच्या अडचणींसाठी हात न लावता ठेवा. शाल-श्रीफळाला यात जागा नाही. पाहुण्यांना वाचनालयाचं वर्षभराचं सभासदत्व द्या.