डोळ्यांत मावलेली दरी छायाचित्रात का मावत नाही?

प्रश्न : गेल्या जूनमध्ये मुलीकडे ॲरिझोनाला गेलो असताना ग्रँड कॅन्यन पाहण्याचा योग आला. कड्यावर उभे राहिलो तेव्हा छाती दडपून गेली. पण भर दुपारी काढलेली छायाचित्रे साताऱ्यात परतल्यावर पाहिली, तर सगळी फिकट, निळसर आणि सपाट दिसतात. सोबत तीन पाठवली आहेत. चूक कॅमेऱ्याची की माझी?
— एक वाचक, सातारा

उत्तर : कॅमेरा निर्दोष आहे, चुकली ती वेळ. जूनमधील दुपारी तिथे सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे कड्यांच्या सावल्या पायथ्याशीच आखडतात आणि खोली दाखवणारी मुख्य खूणच चित्रातून नाहीशी होते. शिवाय समोरचा काठ सरासरी १६ किलोमीटर दूर. मधल्या हवेत निळा प्रकाश विखुरला जातो आणि तांबड्या खडकावर निळसर पडदा चढतो. पोलरायझर फिल्टरने, म्हणजे लेन्सवर बसवायच्या चकाकी गाळणाऱ्या काचेने, तो थोडा विरळ होतो, मात्र रुंद दृश्य टिपणाऱ्या वाइड लेन्सवर त्याच फिल्टरमुळे आकाश एकीकडे गडद, एकीकडे फिके उमटते.

तरीही माझ्या मते खरी अडचण मोजमापाची आहे. सुमारे ४४६ किलोमीटर लांब आणि १,८०० मीटरांहून खोल अशी ही दरी एका चौकटीत बसवू गेले, की सगळे मावते खरे, पण दूरचे कडे बोटभर होऊन जातात. तुमचे तिसरे छायाचित्र पुन्हा पाहा. उजव्या कोपऱ्यात ब्राइट एंजल पायवाटेच्या वळणावर खेचरांची रांग आहे, मुंग्यांएवढी. तिच्यावर नजर पडताच मागचा कडा एकदम उंच होतो. तिन्हींत जीव आहे तो एवढ्याच तुकड्यात, आणि दूरचे जवळ आणणाऱ्या टेलिफोटो लेन्सने तेवढाच टिपला असता तर संपूर्ण दरी दाखवण्याची गरज उरली नसती.

सरावासाठी लांब जायला नको. पावसाळा सरल्यावर, हवा धुऊन निघालेली असताना, महाबळेश्वरच्या आर्थर सीटवर सूर्यास्तापूर्वी तासभर आधी पोहोचा. सावित्रीच्या खोऱ्यावर उन्हे तिरपी झाली, की कातळाचे आडवे थर उठून दिसतात आणि सह्याद्रीच्या सोंडा एकामागून एक सुट्या होतात. कॅमेऱ्याचे प्रकाशमापन उजळलेल्या कातळावर करावे, सावली काळवंडली तरी चालेल. आणि कठड्यापाशी उभे असलेले एखादे माणूस चौकटीत असू द्यावे.