डॉग पार्क: वाचकांचे प्रश्न

कुंपण घातलेल्या ज्या मैदानात कुत्र्यांना लीशशिवाय (गळपट्ट्याला लावायच्या दोरीशिवाय) मोकळं सोडता येतं, त्याबद्दल आलेल्या पत्रांतले काही निवडक प्रश्न.

प्रश्न: आमचं पिल्लू तीन महिन्यांचं आहे, दोन लसी झाल्या आहेत. इतर कुत्र्यांची सवय लागावी म्हणून डॉग पार्कला नेऊ का?

उत्तर: एवढ्यात नको. लसी ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि पिल्लू किमान १६ आठवड्यांचं होईपर्यंत दर ३-४ आठवड्यांनी द्याव्या लागतात. आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीचा परिणाम होऊ देत नाही, आणि ती कधी ओसरेल हे पिल्लागणिक वेगळं असतं. म्हणून शेवटचा डोस सर्वांत महत्त्वाचा. त्यानंतरही २ आठवडे थांबा. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरतो, तेव्हा मैदान रिकामं दिसलं तरी ते सुरक्षित समजू नका. सवय लावणं मात्र थांबवू नका. सगळ्या लसी झालेल्या, शांत स्वभावाच्या ओळखीतल्या कुत्र्याशी घरीच गाठ घालून द्या.

प्रश्न: आमची कुत्री एरवी मायाळू आहे, पण पार्कात पाऊल टाकलं की गुरगुरते. त्यामुळे लीश काढायचा धीर होत नाही.

उत्तर: बहुतेक वेळा गुरगुरण्याचं कारण लीशच असते. कुत्रा अनोळखी कुत्र्याकडे वळसा घालून जातो, बाजूने हुंगतो आणि नको वाटलं तर निघून जातो. लीश ताणलेली असली की मान वर आणि छाती पुढे येते. समोरच्या मोकळ्या कुत्र्याला तो पवित्रा अंगावर येण्याचा वाटतो. तिला पळायची वाट नसते, मग उरतं ते गुरगुरणं.

पार्कला दोन फाटकं असतील तर बाहेरचं लावून घ्या, कडी बसली का ते हाताने तपासा आणि दोन फाटकांच्या मधल्या जागेत लीश काढा. आतल्या फाटकाशी कुत्र्यांचा घोळका असेल तर तो पांगेपर्यंत थांबा. दहा नाकं एकदम अंगाशी आली की शांत कुत्राही बिथरतो. आत गेल्यावर एका जागी उभ्या राहू नका, चालत राहा. हार्नेस (छातीभोवतीचा पट्टा) आणि चोक चेन (ओढल्यावर आवळणारी गळ्यातली साखळी) हीही काढून ठेवा. खेळताना दुसऱ्याचा खालचा जबडा त्यात अडकतो, दोघं घाबरून गरगर फिरतात आणि गळा आवळला जातो. फोन नंबरचा बिल्ला लावलेला, पटकन सुटणारा साधा गळपट्टा पुरे.

हे सगळं करूनही ती गुरगुरत राहिली तर परत फिरा. सगळ्याच कुत्र्यांना पार्क आवडत नाही आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

प्रश्न: खेळ चाललाय की भांडण, हे ओळखायचं कसं?

उत्तर: आवाजावर जाऊ नका, अंगाकडे पाहा. खेळणाऱ्या कुत्र्याचं अंग सैल असतं, तो पुढचे पाय टेकून ढुंगण वर करतो, पाठलागात पाळी बदलते आणि मध्येच दोघं थांबून जमीन हुंगतात. अंग ताठ, शेपटी उंच आणि कडक, तोंड मिटलेलं, नजर खिळलेली: ही भांडणाआधीची लक्षणं. सतत खाली दबलेला, जीभ ओठांवरून फिरवणारा, तुमच्या पायांमागे लपणारा कुत्रा सुटका मागत असतो.

शंका आली तर वरचढ कुत्र्याला बाजूला बोलावून धरून ठेवा. दुसरा पुन्हा त्याच्याकडे आला तर खेळ होता. दूर गेला तर तुमच्या कुत्र्याला तिथून हलवा. यासाठी बोलावल्यावर त्याने यायला हवं. दर भेटीत चार-पाच वेळा हाक मारा, शाबासकी द्या आणि परत सोडा. फक्त घरी निघताना हाक मारली की दोन-तीन भेटींत तो हाकेला पाठ दाखवायला शिकतो.

प्रश्न: भांडण जुंपलंच तर?

उत्तर: गळपट्टा पकडायला हात घालू नका, मालकांना चावे बहुधा तिथेच बसतात. आधी जोरात टाळी वाजवा, पाणी ओता, मध्ये पिशवी किंवा फळी सरकवा. तेवढ्याने भागलं नाही तर दोन्ही मालकांनी एकाच वेळी आपापल्या कुत्र्याचे मागचे पाय मांड्यांशी धरून उचलावेत आणि अर्धगोलात मागे सरकावं, म्हणजे कुत्र्याला वळून चावता येत नाही. एकाने जबडा घट्ट रोवला असेल तर ओढू नका, मांस फाटतं.

नंतर केस बाजूला सारून कातडी बघा. दाताचं भोक वरून तांदळाएवढं दिसतं, पण आत स्नायू फाटलेला असू शकतो. त्याच दिवशी पशुवैद्याला दाखवा. माणसाला चावा बसला असेल तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा. रेबीजच्या बाबतीत चालढकल नको.

प्रश्न: चेंडू आणि खाऊ नेला तर चालतो का?

उत्तर: गर्दीत नको. आपल्या वस्तूवर हक्क सांगण्यावरून पुष्कळ भांडणं सुरू होतात.

प्रश्न: विष्ठा पावसात विरघळून जाते, मग उचलायची कशाला?

उत्तर: गोल जंतांच्या अंड्यांसाठी. ताज्या विष्ठेतली अंडी लगेच संसर्ग करत नाहीत, मातीत २ ते ४ आठवड्यांत ती संसर्गक्षम होतात आणि मग वर्षानुवर्षं टिकतात. मुलांनाही त्यांची बाधा होते. विष्ठा ताजी असतानाच उचलली तर हे टळतं. पिशवी हातावर उलटी चढवा, उचला, सुलट करून गाठ मारा.

प्रश्न: कुत्री माजावर आहे, पण रक्त थांबलंय. आता न्यावं का?

उत्तर: नाही. रक्त फिकट होऊ लागतं किंवा थांबतं तेव्हाच बहुधा गर्भधारणेचे दिवस सुरू होतात, आणि तिच्या वासाने नर एकमेकांवर तुटून पडतात. पहिला थेंब दिसल्यापासून ४ आठवडे तिला लीशवर, पार्कपासून दूर फिरवा.