वडिलांच्या हृदयातलं अमायलॉइड

प्रश्न : वडील ७४ वर्षांचे. सगळी हयात चादरीच्या मागावर गेली. दोन्ही मनगटांचं कार्पल टनेलचं (मनगटात दबलेली नस मोकळी करण्याचं) ऑपरेशन झालंय. आता दम लागतो, पाय सुजतात. हृदयात ‘ट्रान्सथायरेटिन अमायलॉइड’ साचलंय म्हणे. औषध आहे का?
– एक वाचक भगिनी, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : आहे, ताई. ट्रान्सथायरेटिन हे यकृतात बनणारं प्रथिन. त्याचे चार तुकडे एकमेकांना बिलगून रक्तात फिरतात. ते सुटे झाले की त्यांची घडी बिघडते आणि तंतू होऊन हृदयाच्या स्नायूत रुततात; हेच अमायलॉइड. टाफामिडिस हे औषध त्या चौघांना धरून ठेवतं. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ४४१ रुग्णांच्या चाचणीत ३० महिन्यांत औषध घेणाऱ्यांपैकी २९.५ टक्के दगावले, निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांपैकी ४२.९ टक्के. साचलेलं मात्र ते उपसून काढत नाही, म्हणून उशीर नको. पटिसिरानसारखी औषधं यकृतातलं उत्पादनच कमी करतात.

आपल्याकडे विणकराच्या हाताला मुंग्या आल्या की दोष मागावर जातो. बहुतेकदा तो खराही असतो. पण हेच अमायलॉइड मनगटात साचूनही नस दाबली जाते. म्हणून साठीनंतर दोन्ही मनगटं धरली आणि पुढे दम लागू लागला, तर मी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायला सांगतेच.

एक गोष्ट आग्रहाने विचारा : रक्त-लघवीतली ‘लाइट चेन’ (प्रतिपिंडांचे सुटे तुकडे) तपासणी झाली का? त्या तुकड्यांपासून बनलेल्या अमायलॉइडला केमोथेरपी लागते, आणि तिथे आठवडेही मोलाचे असतात.