कोशात नाटकाचा शेवट सांगण्याआधी वाचकाला सावध करावं का, असं तुम्ही पत्रात विचारलंय, आणि करावं असं तुमचं मत दिसतं.

नाही. सूचना नको, आणि शेवट झाकणं तर मुळीच नको. ज्याला नाटक पाहायचंय त्याने तिकीट काढावं. कोश उघडणारा माहितीसाठी येतो आणि शेवट ही नाटकाची सगळ्यात मोठी माहिती असते.

तुम्ही ॲगाथा ख्रिस्तींच्या ‘द माऊसट्रॅप’चा दाखला दिलाय. या वादात तो दिला जातोच. 25 नोव्हेंबर 1952 ला लंडनमध्ये लागलेलं ते नाटक कोविडचा खंड सोडला तर अजून चालू आहे, आणि खुनी कोण ते बाहेर सांगू नका, अशी विनंती प्रेक्षकांना केली जाते. विकिपीडियाने खुनी उघड केला म्हणून 2010 मध्ये ख्रिस्तींचा नातू नाराज झाला होता. इंग्रजी विकिपीडियाने तर 2007 मध्येच सावधगिरीच्या सूचना काढून टाकल्या होत्या. ‘कथानक’ असा मथळा दिसल्यावर खाली कथानक असणार हे वाचकाला कळतं, आणखी काय सांगायचं? पण मुख्य म्हणजे ‘माऊसट्रॅप’ची संहिता छापलेली आहे. सगळे कोश उद्या गप्प बसले तरी तिचा शेवट कुठे जात नाही. आपल्याकडे जातो.

माझे बाबा परळच्या एका गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांवर होते. पाळी सुटली की चाळीच्या गच्चीवर तालीम. गिरणगावातल्या मंडळांकडे छापील पुस्तकं थोडी. संहिता म्हणजे दोनशे पानी वही, ती प्रॉम्प्टरकडे. बाकीच्यांकडे आपापल्या भूमिकेची नक्कल, म्हणजे हाताने उतरवलेले आपल्यापुरते संवाद. 1982 च्या संपानंतर निम्मी माणसं गावाला गेली, खोल्या विकल्या गेल्या, वह्या रद्दीत गेल्या.

सत्तरच्या दशकाच्या शेवटी बाबांच्या मंडळाने एक तीन अंकी रहस्यनाट्य बसवलं. गिरणीच्या गोदामात एका जॉबरचं, म्हणजे खात्यातल्या मुकादमाचं प्रेत सापडतं आणि युनियनच्या एका तरुण कामगाराला पोलीस धरतात. बाहेरून पैसे देऊन लिहून घेतलेलं नाटक होतं. त्याच्या तिसऱ्या अंकात खून प्रेमप्रकरणातून झालेला होता. तालमीत बाबांनी तो अंक बदलला. रात्र रात्र बसून नवीन लिहिला. बाबांनी आयुष्यात लिहिलेलं तेवढंच. ते सातवीपर्यंत शिकलेले, पण साच्यावरचा पट्टा माणसाचं काय करतो हे त्या लेखकापेक्षा त्यांना जास्त ठाऊक होतं.

मंडळाला पन्नास वर्षं झाली तेव्हा गौरवग्रंथ काढायचं ठरलं. बसवलेल्या प्रत्येक नाटकाची त्यात नोंद हवी होती. ही नोंद माझ्याकडे आली. बाबा तेव्हा नव्हते. इन्स्पेक्टरचं काम केलेले काका डोंबिवलीला राहत होते, मी त्यांच्याकडे जाऊन बसलो. तिसरा अंक त्यांना जवळपास अख्खा पाठ होता. बोलता बोलता खुर्चीतून उठून त्यांनी जबानीचा प्रवेश करून दाखवला. मी सगळं उतरवून घेतलं आणि नोंदीत शेवट नीट दोन परिच्छेदांत लिहिला.

संपादकांनी ते दोन्ही परिच्छेद कापले. त्या जागी वाक्य घातलं, ‘अखेरीस एक धक्कादायक सत्य उघडकीस येते.’ विचारलं तर म्हणाले, “अरे, पुढेमागे कोणी हे नाटक केलं तर प्रेक्षकांची मजा जाईल.” वहीच शिल्लक नाही तर करणार कोण आणि कशावरून? परिनिरीक्षणासाठी, म्हणजे सेन्सॉरकडे दिलेली प्रत असते की, असंही त्यांनी ऐकवलं. तालमीत बदललेला अंक त्या प्रतीत सापडेलच याची खात्री कोणी द्यावी? ग्रंथ छापून झाला आणि पुढच्या पावसाळ्यात काका गेले. आज ती नोंद वाचणाऱ्याला हे प्रेमापायी झालेल्या खुनाचं आणखी एक नाटक वाटतं. म्हणजे जे नाटक बाबांनी मोडलं, तेच त्यांच्या मंडळाच्या ग्रंथात कायम झालं. शेवट गाळला की नोंद नुसती अपुरी राहत नाही, खोटी होते.

आता तुमच्या बाजूचंही सांगतो. वर्तमानपत्रातल्या परीक्षणात शेवट फोडू नये. शिवाजी मंदिरला नाटकाचे पहिले प्रयोग लागलेले असताना व्हॉट्सॲपवर खुनी कोण ते पाठवणाऱ्यांचा मलाही राग येतो. 2011 मध्ये अमेरिकेतल्या सॅन दिएगोच्या संशोधकांनी लोकांना बारा कथा वाचायला दिल्या, तेव्हा शेवट आधी कळलेल्यांना त्या सरासरीने जास्तच आवडल्या. नंतरच्या काही अभ्यासांत उलटंही दिसलं, म्हणून त्यावर माझा भर नाही. कोशात कथानकाला वेगळा मथळा द्या, सुरुवातीच्या ओळींत खुन्याचं नाव घालू नका. एवढी काळजी पुरते.

तुम्ही तुमच्या भागातल्या हौशी नाटकांची सूची करताय असं लिहिलंय. मग जुन्या नटांकडे जाल तेव्हा आधी शेवट विचारा. नेपथ्य, बक्षिसं, फोटो नंतर. कोणी सांगितला आणि कधी, तेही लिहा. दोघांनी दोन शेवट सांगितले तर दोन्ही लिहा. आणि ‘रसिकांची मजा’ असं कुठलाही संपादक म्हणाला तर आपली नोंद परत मागून घ्या. मी तेव्हा घेतली नाही, कारण ते वयाने मोठे होते आणि आमच्याकडे मोठ्यांशी वाद घालत नाहीत.

मंडळाचं आणि नाटकाचं नाव इथे देत नाही. त्यावरून माणूस ओळखता येईल. ज्यांना कळायचं त्यांना कळेल. शेवट मात्र देतो. खून झालेलाच नसतो. जॉबरची बाही साच्याच्या उघड्या पट्ट्यात अडकते आणि तो जागच्या जागी मरतो. 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याप्रमाणे घरच्यांना भरपाई द्यावी लागू नये म्हणून मॅनेजर प्रेत गोदामात नेऊन टाकायला लावतो आणि युनियनच्या पोराचं नाव पुढे करतो. बंडीच्या फाटलेल्या बाहीला लागलेल्या वंगणावरून इन्स्पेक्टरला ते कळतं. तो मॅनेजरला सगळ्या खात्यासमोर पट्ट्याजवळ उभा करून जबानी घेतो, आणि सुटलेला पोरगा घरी न जाता जॉबरच्या बायकोचा भरपाईचा अर्ज लिहायला बसतो. तिथे पडदा. ज्यांच्या घरी तो ग्रंथ आहे त्यांनी त्या नोंदीखाली हे पेनाने लिहून ठेवावं.