डॉर्टमुंडला निघालेल्या खेळाडू पोराच्या आईला

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. यजमानांना जर्मनीत डॉर्टमुंडमध्ये नोकरी मिळालीय, ते आधी येणार, आणि तुम्ही मुलाला घेऊन त्याची दहावी-बारावी उरकून मागाहून यायचं म्हणताय. पोरगा पंधरा वर्षांचा, कोल्हापुरात तालमीच्या फुटबॉल संघात, लहान गटात मिडफील्डला खेळतो, आणि त्याच्या डोक्यात इथल्या बोरुसिया डॉर्टमुंड क्लबाशिवाय दुसरं काही नाही. एवढ्या मोठ्या क्लबानं घेतलंच तर तो तिथं रुजेल का, असं तुम्ही विचारलंत. मी बरीच वर्षं याच शहरात आहे आणि माझा मुलगा इथल्याच एका छोट्या क्लबात खेळून मोठा झाला, म्हणून सविस्तर लिहितो.

माझं सांगणं एकच आहे. दहावीची परीक्षा झाली की तिघंही एकत्र या. बारावीची वाट बघू नका.

यातलं एक कारण कागदाचं आहे. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, नियमानुसार अठरा वर्षांखालच्या खेळाडूला दुसऱ्या देशातल्या क्लबात नोंदवता येत नाही. याला मोजके अपवाद आहेत आणि त्यातला एक तुम्हाला लागू पडतो: आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणासाठी त्या देशात राहायला आले असतील तर. यजमानांची नोकरी हे तुमचं खरं कारण आहे, त्यामुळं लपवायचं काही नाही. फक्त ते कागदावर स्वच्छ दिसलं पाहिजे. नोकरीचा करार, व्हिसा, पोराचा जन्मदाखला, घराचा भाडेकरार या सगळ्याची जर्मन भाषांतरं तयार ठेवा. परवानगीचा अर्ज जर्मन फुटबॉल संघटनेमार्फत जातो. तोवर सराव करता येतो, पण स्पर्धेचा सामना खेळता येत नाही. या काळात पोरं फार खचतात, म्हणून त्याला आधीच सांगून ठेवा. दुसरी अडचण व्हिसाची. सोळा पूर्ण झाल्यावर, आईवडिलांबरोबर एकत्र न येता, मागाहून येणाऱ्या मुलाला काही प्रकारच्या व्हिसात जर्मनची बरीच वरची पातळी सिद्ध करावी लागते. यजमानांचा व्हिसा नेमका कुठला, हे आत्ताच विचारून घ्या.

हा नियम मोठमोठ्या क्लबांनाही सुटलेला नाही. जपानचा ताकेफुसा कुबो 2011 मध्ये लहान वयात बार्सिलोनाच्या अकादमीत गेला. 2014 मध्ये अल्पवयीन खेळाडूंच्या नोंदणीवरून फिफानं बार्सिलोनावर कारवाई केली, कुबोला सामने खेळता येईनात, आणि 2015 मध्ये तो जपानला परतला. अठराव्या वर्षी पुन्हा स्पेनला आला, तो रिअल माद्रिदकडून. अमेरिकेचा क्रिस्टियन पुलिसिक सोळाव्या वर्षी डॉर्टमुंडला आला. आजोबांमुळं क्रोएशियाचा, म्हणजे युरोपीय संघातल्या देशाचा, पासपोर्ट मिळाला म्हणून अठरापर्यंत थांबावं लागलं नाही. (गोव्यातल्या ज्या घरांत पोर्तुगीज पासपोर्ट आहे, त्यांनी हे लक्षात ठेवावं.) आपल्याला तो रस्ता नाही, म्हणून कुटुंबानं मिळून येण्याचा रस्ता जपायचा.

पण त्याहून मोठं कारण मनाचं आहे. पुलिसिकचे वडील त्याच्याबरोबर इथं राहायला आले होते. इंग्लंडचा ज्यूड बेलिंगहॅम 2020 मध्ये बर्मिंगहॅमहून सतरा वर्षांचा असताना आला, तेव्हा त्याची आई डॉर्टमुंडला राहिली आणि वडील धाकट्या भावासाठी इंग्लंडमध्ये थांबले. पोरानं पहिल्याच अधिकृत सामन्यात, चषकाच्या लढतीत डुइसबुर्गविरुद्ध गोल केला. लोकांना गोल दिसला. रोज संध्याकाळी घरी त्याची वाट बघणारं माणूस होतं, हे मला तितकंच महत्त्वाचं वाटतं. मेस्सीचंही बघा. बार्सिलोनात आल्यावर काही महिन्यांतच आई बाकीच्या भावंडांना घेऊन रोसारिओला परत गेली आणि तेरा-चौदा वर्षांचा मुलगा वडिलांबरोबर राहिला. जुन्या क्लबाच्या कागदांमुळं अधिकृत सामनेही बराच काळ अडले होते. त्या दिवसांत वडील सोबत नसते तर काय झालं असतं, याचा विचार आईबाप म्हणून आपण करावा.

क्लब सरावाची, आहाराची, दुखापतीची काळजी उत्तम घेतो. मोठ्या क्लबांचं शाळांशीही जुळलेलं असतं. शेजारच्या गेल्सेनकिर्शेन शहरातली, शाल्के क्लबाजवळची बेर्गर फेल्ड शाळा तर जर्मनीच्या नॉयर, ओझिल, ड्राक्सलर अशा खेळाडूंची शाळा म्हणूनच ओळखली जाते. पण नोव्हेंबरात साडेचारला अंधार पडतो, ड्रेसिंग रूममध्ये सगळे भराभर जर्मन बोलत असतात आणि तुमचा पोरगा शनिवारी बेंचवर बसून घरी येतो, तेव्हा त्याला घरचंच माणूस लागतं.

आता थेट बोरुसियाचं. आल्या आल्या त्यांचं दार ठोठावू नका. ब्राकेलच्या त्यांच्या केंद्रात त्याच्या वयाची जी मुलं आहेत, त्यातली बरीच लहानपणापासून याच पद्धतीनं खेळतायत. पहिलं वर्ष घराजवळच्या क्लबात घालवू द्या. रूर भागात डॉर्टमुंड, शाल्के, बोखुम, एस्सेन एकमेकांना लागून आहेत. पोरगा चांगला खेळत असेल तर लहान मैदानावरही तो नजरेत येतो. शिवाय तिथं त्याला सामने मिळतील, आणि सामन्यांतूनच भाषा आणि मित्र मिळतात.

काही गोष्टी त्याला नवीन वाटतील. मैदानावर आला की प्रत्येकाशी हात मिळवायचा, प्रशिक्षकाशीसुद्धा. प्रशिक्षकाला पहिल्या नावानं हाक मारायची. आपल्याकडं मान खाली घालून ऐकणं म्हणजे आदर. इथं डोळ्यात बघून उत्तर द्यायचं, आणि खेळताना मोठ्यानं बोलायचं. मिडफील्डवाला गप्प राहिला तर तो घाबरलाय असं समजतात. सामन्यानंतर सगळे एकत्र शॉवर घेतात. याचं त्याला अवघडल्यासारखं होईल, ते आधी सांगा. बूट दोन जोड आणा: कृत्रिम गवतासाठी एक, ओल्या मऊ मैदानासाठी एक. कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर चालणारे बूट इथल्या चिखलात घसरतात.

आणि एक कळकळीनं सांगतो. युरोपातल्या क्लबात ट्रायल लावून देतो म्हणून लाखो रुपये मागणारी माणसं तुम्हाला भेटतील. एक रुपया देऊ नका. वर सांगितलेला नियम त्यांना मोडता येत नाही, आणि तुम्हाला त्यांची गरजही नाही.

ते पैसे जर्मनवर घाला. पुण्यात मॅक्सम्युलर भवन आहे, त्यांचे ऑनलाइन वर्गही असतात. येण्याआधी ए-एक ही जर्मनची पहिली पातळी, जमलं तर त्यापुढची ए-दोन होऊ द्या. इथल्या शाळेत नव्यानं आलेल्या मुलांसाठी भाषेची वेगळी शिकवणी असते, पण पाया घेऊन आलेला पोरगा महिन्याभरात सरावातल्या सूचना पकडायला लागतो. यजमानांच्या रुजू होण्याची तारीख ठरली की घर कुठल्या भागात बघताय ते लिहा. त्या भागातल्या क्लबांच्या सरावाच्या वेळा मी काढून देतो.