आरोग्य प्रश्नोत्तरे : जुलाब थांबतात, मग पायांतले बळ का जाते?

सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील वाचकांकडून संसर्गानंतर मज्जातंतूंवर येणाऱ्या आजारांविषयी सातत्याने विचारणा होत आहे. त्यांतील काही पत्रांना या अंकात उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेवरून नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : माझे यजमान यंत्रमाग कारखान्यात कामाला आहेत. पावसाळ्यात त्यांना जुलाब झाले, ताप आला. औषधाने बरे वाटले आणि ते कामावरही जाऊ लागले. दहा-बारा दिवसांनी तळपायांना मुंग्या येऊ लागल्या. चालताना पायातली चप्पल मागे निसटून राहायची आणि त्यांना कळायचेही नाही. अशक्तपणा असेल म्हणून आम्ही सलाईन लावून घेतले. दोन दिवसांत त्यांना जमिनीवरून उठता येईना, मग हातांतलेही बळ गेले. मोठ्या रुग्णालयात जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, असे निदान झाले. आता ते घरी असून काठीच्या आधाराने चालतात. पोटाच्या आजाराचा आणि नसांचा संबंध काय? शेजारी म्हणतात, पोटातले जंतू नसांत चढले. आमच्याकडून काही चुकले का? – एक भगिनी, अशोक चौक परिसर, सोलापूर

उत्तर : ताई, शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. आपल्याकडून काही चुकलेले नाही. जुलाबांत शरीरातले पोटॅशियम कमी होऊनही हातपाय गळून जातात, त्यामुळे सुरुवातीला अशक्तपणाची शंका येणे स्वाभाविकच होते. उठता येत नाही हे दिसताच आपण त्यांना मोठ्या रुग्णालयात नेले, हे फार महत्त्वाचे ठरले.

आता जंतूंविषयी. कुष्ठरोगाचा जिवाणू स्वतः मज्जातंतूंत शिरून तेथे वाढतो. घटसर्पाचा जिवाणू घशात राहतो, पण त्याचे विष नसांपर्यंत पोहोचते. आपल्या यजमानांच्या आजारात या दोन्हींपैकी काहीही घडत नाही. त्यांच्या नसांना इजा होत होती तेव्हा जुलाबांचा आजार संपलेला होता. इजा केली ती त्या जंतूला हुसकावण्यासाठी त्यांच्याच शरीराने तयार केलेल्या प्रतिपिंडांनी.

जुलाबानंतर येणाऱ्या जीबीएसमागे सर्वाधिक वेळा कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू आढळतो. त्याच्या बाह्य आवरणावर साखर आणि स्निग्ध पदार्थ यांचे जोडरेणू असतात आणि त्याच्या काही वाणांत या रेणूंची रचना आपल्या नसांच्या पृष्ठभागावरील गँग्लिओसाइड नावाच्या रेणूंशी, विशेषतः जीएम1 आणि जीडी1ए यांच्याशी, विलक्षण जुळते. सोलापुरी चादर पांघरून चोर आला, राखणदाराने त्याचा चेहरा न पाहता चादरीची नक्षीच तेवढी लक्षात ठेवली आणि मग तशी चादर पांघरलेल्या घरच्या माणसावरही काठी उगारली, तसे हे आहे. प्रतिपिंडे तयार होऊन त्यांचे प्रमाण वाढायला काही दिवस लागतात, म्हणूनच जुलाब आणि मुंग्या यांच्यामध्ये साधारण एक ते तीन आठवड्यांचे अंतर पडते आणि मधल्या काळात रुग्ण अगदी ठणठणीत वाटतो. हे केवळ अनुमान नाही. जपानमधील संशोधक नोबुहिरो युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये या जिवाणूच्या आवरणातील रेणू सशांना टोचले, तेव्हा सशांच्या रक्तात जीएम1विरुद्ध प्रतिपिंडे तयार झाली आणि त्यांचे पाय लुळे पडले.

नसेवर ही प्रतिपिंडे चिकटली की रक्तातील कॉम्प्लिमेंट नावाची प्रथिने तेथे गोळा होतात आणि नसेचा तो भाग निकामी करू लागतात. काही रुग्णांत नसेवरचे मायलिनचे आवरण झिजते, तर काहींत आतला तंतूच दुखावतो. कॅम्पायलोबॅक्टरनंतर हा दुसरा प्रकार अधिक दिसतो. आतला तंतू तुटला असेल तर तो दिवसाला सुमारे एक मिलिमीटर या गतीने पुन्हा वाढतो. कमरेपासून पावलापर्यंतचे अंतर लक्षात घ्या, म्हणजे पावले सर्वांत शेवटी का सुधारतात हे ध्यानात येईल. यजमानांची काठी अजून सुटली नाही म्हणून उपचार फसले असे समजू नका. व्यायाम चालू ठेवा. मात्र दुसऱ्या दिवशी अंगात त्राण उरणार नाही इतका तो ताणू नका.

प्रश्न : जानेवारी 2025 मध्ये पुण्यात जीबीएसची साथ आली तेव्हापासून घरात कुणाचे पोट बिघडले तरी धास्ती वाटते. आमच्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येते, ते पिंपात भरून ठेवावे लागते. प्रत्येक जुलाबानंतर हा आजार होऊ शकतो का? जुलाबावर लगेच अँटिबायोटिक घेतले तर तो टळेल का? – एक निवृत्त शिक्षक, जुळे सोलापूर

उत्तर : सर, आपली धास्ती निराधार नाही, परंतु तिला प्रमाणाची जोड दिली पाहिजे. एरवी हा आजार दर लाख लोकांमागे वर्षाला एक-दोघांनाच होतो. कॅम्पायलोबॅक्टरचा संसर्ग झालेल्या साधारण 1000 जणांत एकाला जीबीएस होतो असे मानले जाते, आणि जुलाबांचे इतर पुष्कळ जंतू या आजाराशी संबंधित नाहीत. पुण्यात मात्र सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात एकाच वेळी इतके लोक आजारी पडले की रुग्णसंख्या 200 च्या वर गेली. रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी आणि नोरोव्हायरस आढळले आणि संशय पाण्यावर स्थिरावला. त्या साथीतील पहिल्या संशयित मृत्यूची नोंद आपल्या सोलापुरात झाली, त्यामुळे येथे भीती अधिक पसरली हे मी समजू शकतो.

अँटिबायोटिकने जीबीएस टळतो असे सिद्ध झालेले नाही. जुलाबांत रक्त पडत असेल, ताप चढता असेल किंवा रुग्णाची प्रतिकारशक्ती क्षीण असेल, तर डॉक्टर ते देतील. दुकानातून स्वतःच्या मनाने घेऊ नये. कॅम्पायलोबॅक्टर अनेक ठिकाणी सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांना दाद देईनासा झाला आहे, त्याला असा मनमानी वापरही कारणीभूत आहे.

खरा बचाव पाण्यात आणि स्वयंपाकघरात आहे, आणि त्याबद्दल मी आग्रहाने लिहितो, कारण पुण्याच्या साथीत जे आजारी पडले त्यांचा दोष काहीच नव्हता. साठवलेले पाणी झाकून ठेवावे, पिंपात हात किंवा पेला न बुडवता लांब दांड्याच्या ओगराळ्याने किंवा तोटीने घ्यावे आणि पिण्याचे पाणी खळखळून उकळावे. उकळणे परवडत नसेल तर पालिकेकडून किंवा औषधाच्या दुकानातून मिळणारे क्लोरीन वेष्टनावरील प्रमाणात टाकून अर्धा तास थांबावे. तुरटी फिरवल्याने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. नळाला पहिले पाणी गढूळ किंवा वास येणारे आले, तर ते भरून न ठेवता पालिकेला कळवावे. गळक्या जलवाहिनीत शेजारच्या गटाराचे पाणी शिरते ते पुरवठा बंद असतानाच, आणि आपल्याकडे तो बंद असण्याचा काळ मोठा आहे. हे काम घरोघरच्या पातेल्यांवर सोपवून भागणार नाही, नगरपालिका-महापालिकांनीच ते करायला हवे.

हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात सुखाने राहतो. कच्ची कोंबडी नळाखाली धुतल्याने शिंतोडे ओट्यावर आणि कोशिंबिरीच्या भांड्यात उडतात, म्हणून ती न धुता थेट शिजवावी, हाडाजवळचे मांस गुलाबी राहू देऊ नये आणि तिच्यासाठी वापरलेली सुरी-पाट साबणाने धुतल्याखेरीज भाजीला लावू नये. न तापवलेले दूधही टाळावे.

प्रश्न : हा आजार पक्षाघातासारखाच असेल तर घरच्यांनी ओळखायचा कसा? आमच्या गावापासून शहर दूर आहे. कोणत्या क्षणी गाडी काढायची ते स्पष्ट सांगावे. – एक आशा सेविका, मोहोळ तालुका

उत्तर : पक्षाघात अचानक येतो आणि बहुधा शरीराची एकच बाजू धरतो. जीबीएस दोन्ही पायांत सुरू होतो, काही तासांत किंवा दिवसांत वर सरकतो आणि साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत त्याची कमाल गाठली जाते. मुंग्या, पाठीत आणि मांड्यांत दुखणे, जिना चढताना किंवा शौचाहून उठताना आधार लागणे, ही सुरुवात असते. गुडघ्याखाली हातोडीने हलकेच मारले असता एरवी पाय उडतो. या आजारात तो निपचित राहतो. आपल्या भागात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा : रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पापण्या सकाळी मिटू लागल्या, गिळता येईना आणि मग हातपाय लुळे पडू लागले, तर मण्यार चावल्याची शंका आधी घ्यावी, दंशाची खूण दिसेलच असे नाही.

गाडी काढायचा क्षण आपण विचारला आहे. गेल्या सहा आठवड्यांत जुलाब, ताप किंवा खोकला होऊन गेला आहे आणि आता दोन्ही पायांतले बळ कालच्यापेक्षा आज कमी आहे, एवढे पुरेसे आहे. त्याच दिवशी निघावे. रुग्णाला एका श्वासात मोठ्याने आकडे मोजायला सांगा. मोठ्या माणसाचा श्वास 20 च्या आत संपत असेल, उताणे निजून उशीवरून डोके उचलता येत नसेल, पाण्याचा ठसका लागत असेल किंवा आवाज बारीक झाला असेल, तर श्वासाचे स्नायू थकू लागले आहेत असे समजून 108 वर रुग्णवाहिका बोलवावी आणि जेथे व्हेंटिलेटर आहे अशाच ठिकाणी न्यावे. सुमारे पाचांपैकी एका रुग्णाला व्हेंटिलेटर लागतो आणि तो लागेल की नाही हे गावात बसून सांगता येत नाही. बोटावर लावायच्या यंत्रातील ऑक्सिजनचा आकडा शेवटपर्यंत चांगला राहू शकतो, त्यावर विसंबू नका. रुग्ण 15 वर्षांखालील असेल तर पोलिओच्या पाहणीसाठी आरोग्य केंद्राला कळवणे आवश्यक आहे, हे आपणास ठाऊक असेलच.

प्रश्न : आईला जीबीएस झाला आहे. पाठीतले पाणी तपासले, पहिला अहवाल सामान्य आला. इंजेक्शने फार महाग आहेत, त्याऐवजी रक्त शुद्ध करण्याचा उपाय सुचवला आहे. तो कमी प्रतीचा आहे का? एक नातेवाईक स्टेरॉइड द्या म्हणतात. – एक वाचक, पंढरपूर

उत्तर : 1916 मध्ये गियाँ, बारे आणि स्ट्रोल या फ्रेंच डॉक्टरांनी दोन सैनिकांच्या पाठीच्या पाण्यात प्रथिने वाढलेली, पण पेशी मात्र वाढलेल्या नाहीत, असे पाहिले, आजही त्याच खुणेचा आधार घेतला जातो. परंतु पहिल्या आठवड्यात प्रथिने पुष्कळदा वाढलेली नसतात, त्यामुळे आईचा पहिला अहवाल निदानाच्या विरोधात जात नाही.

आपल्याला सुचवलेला रक्त शुद्ध करण्याचा, म्हणजे रक्तातील प्लाझ्मा हा द्रव भाग बदलण्याचा, उपाय कमी प्रतीचा मुळीच नाही. इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे आयव्हीआयजी, वजनाच्या दर किलोमागे रोज 0.4 ग्रॅम याप्रमाणे पाच दिवस देतात. प्लाझ्मा साधारण दोन आठवड्यांत चार-पाच वेळा बदलतात. दोन्हींचा गुण सारखाच येतो आणि दोन्ही लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत, केलेले बरे. जेथे जे सुरक्षितपणे आणि लवकर होईल ते करावे. एकापाठोपाठ दोन्ही केल्याने अधिक लाभ होत नाही. तोंडावाटे दिलेल्या स्टेरॉइडने या आजारात सुधारणा होत नाही, उलट ती रेंगाळू शकते. नातेवाइकांना नम्रपणे नकार द्यावा. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत या उपचाराचा समावेश आहे. आपले रुग्णालय योजनेशी संलग्न आहे का, हे तेथील आरोग्यमित्राला आजच विचारा.

प्रश्न : माझी नऊ वर्षांची मुलगी काही आठवड्यांपासून हात वेडेवाकडे हलवते, वही-पेन्सिल हातातून पडते, चेहरा वाकडा करते. शाळेत तिला खोड्या करते म्हणून शिक्षा झाली. दोन-तीन महिन्यांपूर्वी तिचा घसा फार दुखत होता. याचा संबंध असेल का? – एक पालक, बार्शी

उत्तर : असू शकतो, म्हणून तिला या आठवड्यातच बालरोगतज्ज्ञांना दाखवा. घशातील स्ट्रेप्टोकोकस जिवाणूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे काही मुलांत मेंदूतील हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या केंद्रांना त्रास देतात. याला सिडनहॅम कोरिया म्हणतात. तो घसा बरा झाल्यानंतर काही महिन्यांनीही उद्भवतो, मुलींत अधिक दिसतो, आणि झोपेत या हालचाली थांबतात. मूल रडवे, चिडचिडे होते तेही आजारामुळेच. ही संधिवाताच्या तापाची खूण असल्याने हृदयाच्या झडपांची इकोकार्डिओग्राफी झालीच पाहिजे, जरी छातीची काही तक्रार नसली तरी. निदान पक्के झाले तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागेल. हालचाली बहुतेक मुलांत काही महिन्यांत शमतात आणि पालक इंजेक्शने सोडून देतात. पण पुढचा प्रत्येक घसा झडपेवर घाला घालू शकतो, म्हणून ती सोडू नयेत. शाळेला डॉक्टरांचे पत्र अवश्य द्या. तिने खोडी केलेली नाही हे वर्गासमोर सांगितले गेले, तर तिला फार बरे वाटेल.

प्रश्न : मला काही वर्षांपूर्वी जीबीएस झाला होता. तो पुन्हा होतो का? लस घ्यावी का? – एक वाचक, अक्कलकोट

उत्तर : शंभरांत दोन ते पाच जणांना तो पुन्हा होतो, म्हणजे बहुतेकांना होत नाही. 1976 मध्ये अमेरिकेत दिलेल्या स्वाइन फ्लूच्या लसीनंतर लाखामागे सुमारे एक रुग्ण वाढला होता, तेव्हापासून ही शंका लोकांच्या मनात आहे. आपला आजार एखाद्या लसीनंतर सहा आठवड्यांच्या आत सुरू झाला असेल, तर ती लस पुन्हा घेण्याआधी मज्जाविकारतज्ज्ञांशी बोला. तसे नसेल तर इतरांप्रमाणे लसी घेण्यास सहसा हरकत नसते. त्या आजाराची नोंद असलेला जुना कागद मात्र प्रत्येक वेळी डॉक्टरांना दाखवा.