स्मरणशक्तीची गोळी चालू असूनही गोंधळ का वाढतोय?

प्रश्न : सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत. गेल्या वर्षी अल्झायमरचं निदान झालं, डोनेपेझिल सुरू केलं आणि पहिले काही महिने खरंच बरे गेले. मग त्यांना सारखं लघवीला जावं लागायला लागलं, कधीकधी कपड्यातच व्हायची, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांनी ऑक्सिब्युटिनिन दिलं. शिंकांसाठी रात्री सर्दीची एक गोळी त्या आधीपासूनच स्वतःहून घेतात. पण हल्ली संध्याकाळ झाली की प्रचंड गोंधळतात, मलाच विचारतात तू कोण. आजार इतक्या झपाट्याने वाढतो का? आणि डॉक्टर ज्याला ॲसिटिलकोलिन म्हणाले ते नक्की काय असतं?

उत्तर : ताई, सगळा दोष आजाराच्या माथी मारायच्या आधी त्या तीन गोळ्यांकडे एकत्र बघायला हवं, कारण तुमचं पत्र वाचताना मला पहिली शंका तिथेच आली.

ॲसिटिलकोलिन म्हणजे एका चेतापेशीने पुढच्या पेशीला निरोप द्यायला सोडलेलं रसायन. असं काही रसायन असतं हे ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये बेडकाच्या हृदयांवर दाखवलं. एका हृदयाला जाणारी व्हेगस नस उत्तेजित केली, त्याचे ठोके मंदावले, मग त्याच्याभोवतीचं द्रव काढून दुसऱ्या हृदयावर घातलं तर त्याचेही ठोके मंदावले, म्हणजे नसेने काहीतरी द्रवात सोडलं होतं. ते ॲसिटिलकोलिनच आहे हे पुढे नक्की झालं आणि लोवी व हेन्री डेल यांना १९३६ चं नोबेल मिळालं.

मेंदूच्या पुढच्या भागात, खाली खोलवर, मेनर्टचं केंद्रक नावाचा पेशींचा एक पुंजका आहे. त्याचे धागे मेंदूच्या जवळजवळ सगळ्या बाहेरच्या थरापर्यंत जातात आणि तिथे ॲसिटिलकोलिन सोडतात. लक्ष एका जागी टिकवणं, नवीन गोष्ट मनात पक्की करणं ही कामं बरीचशी त्यावर चालतात. अल्झायमरमध्ये याच पेशी मोठ्या प्रमाणात मरतात. जे थोडं ॲसिटिलकोलिन उरतं तेही एक एन्झाइम क्षणार्धात तोडून टाकतं. डोनेपेझिल त्या एन्झाइमला आवरतं, म्हणून निरोप जरा जास्त वेळ टिकतो. मेलेल्या पेशी त्याने परत येत नाहीत आणि आजारही थांबत नाही, पण काही जणांचे रोजचे व्यवहार काही काळ सावरतात, आणि घरच्यांना तेवढ्याचंही केवढं मोल असतं हे तुम्हाला मी काय सांगणार.

आता दुसरी बाजू बघा. ऑक्सिब्युटिनिन आणि सर्दीच्या जुन्या गोळ्या (क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन वगैरे, तुमच्या पाकिटावर काय लिहिलंय ते बघा) ॲसिटिलकोलिन ज्या रिसेप्टरवर, म्हणजे पुढच्या पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागेवर, जाऊन बसतं तीच जागा अडवतात. म्हणजे एक गोळी निरोप वाढवतेय आणि दोन गोळ्या तो पोचूच देत नाहीयेत! धडधाकट तरुण माणसाला यातून नुसती झोप येईल, तोंड कोरडं पडेल, पण ज्यांच्याकडे मुळातच ॲसिटिलकोलिन कमी आहे त्यांचा गोंधळ यानेच वाढू शकतो.

आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते हे, की लघवीची घाई डोनेपेझिलमुळेच सुरू झाली असू शकते, कारण मूत्राशयाचा स्नायू आकुंचन पावतो तोही ॲसिटिलकोलिननेच. औषधाचा दुष्परिणाम नवीन आजार समजला जातो, त्यावर दुसरं औषध येतं, मग त्याचा दुष्परिणाम मूळ आजार वाढला म्हणून खपतो. दोन डॉक्टर वेगवेगळे असले आणि एकमेकांची चिठ्ठी कोणी बघितली नसली की हे फार सहज होतं, यात तुमची काहीच चूक नाही.

मनानेच काही बंद करू नका. घरातल्या सगळ्या स्ट्रिप्स, डोळ्यांचे थेंब, स्वतःहून घेतलेल्या गोळ्या, सगळं एका पिशवीत घालून डोनेपेझिल देणाऱ्या डॉक्टरांकडे लवकर न्या आणि सरळ विचारा की यातलं काय ॲसिटिलकोलिनच्या विरोधात जातं. मूत्राशयासाठी वेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधं मिळतात, शिंकांसाठी मेंदूत कमी जाणाऱ्या नव्या गोळ्या आहेत. लघवीची तपासणीही करून घ्या, वयस्कर माणसात इन्फेक्शननेही असाच गोंधळ होतो. आणि त्यांना चक्कर आली, शुद्ध हरपली किंवा नाडी फार मंद लागली तर वाट न बघता दाखवा, डोनेपेझिलने हृदयाचे ठोकेही मंदावतात.

प्रश्न : परीक्षा जवळ आलीये. कोलिनची पावडर घेतली तर मेंदूत ॲसिटिलकोलिन वाढून पाठांतर चांगलं होईल का?

उत्तर : शरीर कोलिनपासूनच ॲसिटिलकोलिन बनवतं हे खरंय, पण कच्चा माल जास्त ओतला म्हणून उत्पादन वाढत नाही, किती कोलिन आत घ्यायचं ते चेतापेशी स्वतःच ठरवते. अल्झायमरच्या रुग्णांना कोलिन आणि लेसिथिन (ज्यातून शरीराला कोलिन मिळतं) देऊन बघितलं होतं, फारसं काही हाती लागलं नाही. त्यापेक्षा झोप मोडू नकोस. जागेपणी ॲसिटिलकोलिन जास्त असतं, गाढ झोपेत ते खूप खाली येतं, आणि दिवसभर वाचलेलं पक्कं व्हायला हे खाली येणंच मदत करतं असं प्रयोगांत दिसलंय. रात्रभर जागून वाचलंस तर नेमकं तेच बुडतं.

प्रश्न : मला मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकून दुबळे पडण्याचा आजार झालाय, संध्याकाळी पापण्या मिटायला लागतात. यातही ॲसिटिलकोलिनचाच घोळ आहे म्हणे, मग पुढे माझी स्मरणशक्तीही जाणार का?

उत्तर : नाही, ही भीती मनातून काढून टाका. तुमच्या आजारात शरीरातल्या अँटीबॉडीज स्नायूंवरच्या रिसेप्टरवर हल्ला करतात, मेंदूतली स्मरणाची यंत्रणा त्यात सापडत नाही. १९३४ मध्ये मेरी वॉकर या डॉक्टरांनी ॲसिटिलकोलिन तोडणाऱ्या एन्झाइमला अडवणारं औषध देऊन अशा रुग्णाचे स्नायू तात्पुरते सुधारून दाखवले, आज तुम्हाला मिळणारं पायरिडोस्टिग्मिन त्याच तत्त्वावर चालतं. काही अँटिबायोटिक्सनी हा आजार एकदम बळावतो, म्हणून कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी आधी निदान सांगा. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास व्हायला लागला तर लगेच हॉस्पिटल गाठा, दुसऱ्या दिवसाच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.